तेलाचे पात्र आणि घुंगरू : नृत्यातील स्मृतीविषयीचे काही गैरसमज

बौद्ध साधनेतील ‘सति’, म्हणजेच संस्कृतातील स्मृती, नर्तकाच्या रियाजाला उपकारक ठरते असे म्हणताच पहिला आक्षेप येतो तो हा की, ज्या धर्माने नाचगाण्याला मज्जाव केला त्याच्या दारी नर्तकाने जावेच कशाला. या आक्षेपाला आधार आहे, परंतु तो समजला जातो तेवढा सरसकट नाही. नृत्य, गीत, वाद्य आणि खेळतमाशे यांपासून विरत राहण्याचे शील भिक्षुसंघावर कायमचे बंधनकारक असले, तरी गृहस्थ उपासक ते उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवसापुरते अष्टशीलातील सातवे शील म्हणून घेतो. त्याच्या नित्याच्या पंचशीलात नृत्याचा उल्लेखही नाही. संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहात तालपुट या नटांच्या नायकाला बुद्धांनी जे खडे बोल ऐकवले, तेही प्रेक्षकांचे राग, द्वेष आणि मोह अधिक पेटवणाऱ्या कलेविषयी होते. बुद्धांनी नृत्याला ध्यानमार्ग ठरवले असे मात्र कोणी सांगू नये, तसा आधार सुत्तांत, म्हणजे बुद्धवचनांत, नाही. पण औरंगाबादच्या सातव्या लेण्यात, बुद्धमूर्तीच्या गाभाऱ्यात, सहा वादक स्त्रियांच्या मध्ये नाचणारी स्त्री कोरली गेली, आणि काठमांडूच्या खोऱ्यातील वज्राचार्यांनी चर्यानृत्य हे पूजाविधीचे अंग म्हणून जपले, हेही त्याच परंपरेच्या दप्तरी नोंदलेले आहे.

सेदक नावाच्या गावी बुद्धांनी दिलेला एक दृष्टान्त या विषयाच्या अगदी जवळचा आहे. जनपदकल्याणी, म्हणजे देशातील सर्वांत सुंदर स्त्री, नाचत-गात आहे. तिला पाहायला लोटलेल्या गर्दीतून एका माणसाला काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र घेऊन जावयाचे आहे. आणि त्याच्या मागोमाग तलवार उपसलेला दुसरा येतो आहे, जो एक थेंब सांडताच त्याचे मस्तक उडवील. तेलाचे पात्र म्हणजे कायगत स्मृती, असा उलगडा बुद्धांनी स्वतःच केला. दृष्टान्तातील नर्तकी चित्त विचलित करणारी आहे, हे मान्य. तथापि मला वाटते की, रंगमंचावर उभी राहणारी नर्तकी स्वतःच ते पात्र घेऊन चाललेली असते, कारण गर्दी तिच्याही समोर आहे, आणि तिच्या मनातील प्रशंसेची आस हीच तिची जनपदकल्याणी.

याहून खोल रुजलेला गैरसमज असा की, स्मृती म्हणजे मन रिकामे करणे. मुळात या शब्दाचा धातूच ‘स्मृ’, म्हणजे आठवणे, हा आहे. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाचा ग्रंथ असलेल्या मिलिंदपञ्हात सतीचे लक्षण सांगताना नागसेनाने राजाच्या खजिनदाराची उपमा दिली आहे, जो सकाळ-संध्याकाळ राजाला त्याचे हत्ती किती, घोडे किती, सोने किती याची याद देतो. तेव्हा स्मृती ही रिकामी तिजोरी नव्हे. तिजोरीत या घटकेला काय आहे याचा तो चोख हिशेब होय. कथकच्या वर्गात हे डोळ्यांनी दिसते. त्रितालाच्या १६ मात्रांत ततकार, म्हणजे पायांचे मूळ बोल, चालू आहे, तळवे फरशीवर सारखे पडत आहेत, आणि नवव्या मात्रेवर, खालीच्या जागी, विद्यार्थिनीच्या मनात पुढच्या आवर्तनातली तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर, पहिल्या मात्रेवर, संपवायचा बोल, येते. मन तिकडे धावते, पाय सवयीने चालत राहतात, आणि तिहाईचा शेवटचा बोल समेच्या अर्धी मात्रा आधीच पडून जातो. तिहाई तिला पाठच होती. हरवले होते ते त्या वेळचे पाऊल.

ध्यान मांडी घालूनच करावयाचे, ही समजूत तर मज्झिमनिकायातील दहावे सुत्त, सतिपट्ठानसुत्त, उघडताच दूर होते, कारण चालताना, उभे राहताना, हातपाय आखडताना व पसरताना जाणीव ठेवण्यास तेथे स्पष्ट सांगितले आहे. मन भटकले की साधना मोडली, हेही खरे नव्हे. विक्षिप्त झालेल्या चित्ताला विक्षिप्त म्हणून ओळखणे, हीच तेथे स्मृती मानली आहे. म्हणून सम चुकल्याची हळहळ पुढच्या आवर्तनात वाहून नेण्यापेक्षा ‘हळहळ आली’ एवढे जाणून पुन्हा पहिल्या मात्रेवर येणे, हा साधनेचा भंग नसून साधनाच होय.

अंगप्रत्यंगावर लक्ष ठेवले तर नाच लाकडी होतो, ही नर्तकांची तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही. हालचाली शिकण्याच्या प्रक्रियेच्या संशोधक गाब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अवयवांच्या हालचालीवर लक्ष देणाऱ्यांपेक्षा त्या हालचालीच्या परिणामावर लक्ष देणारे बहुधा सरस ठरले. चूक आहे ती स्मृतीला हुकमत समजण्यात. सतिपट्ठानसुत्तातील क्रियापद ‘पजानाति’, म्हणजे ‘जाणतो’, असे आहे. ‘आवरतो’ किंवा ‘सुधारतो’ असे नाही. पावलाला हुकूम सोडावयाचा नाही. ते पडले, त्याचा नाद भरीव आला की पोकळ, घुंगरू त्यासरशी थांबले की मागे रेंगाळले, एवढी खबर घ्यावयाची.

‘देहभान हरपून नाचली’ ही आपल्याकडे मोठी स्तुती समजली जाते, आणि पुष्कळांना तीच स्मृतीची परमावधी वाटते. वस्तुतः स्मृतीत देहाचे भान अधिक लख्ख होते. गळून पडते ते, आपण कशा दिसत आहोत, याचे भान.

रियाजाला उभे राहाल तेव्हा विलंबित लयीत त्रितालाचे एकच आवर्तन घ्या, त्या १६ मात्रांत मन किती वेळा पुढच्या वा मागच्या मात्रेवर गेले ते पाहा, आणि मगच लय वाढवा.