तोफा गप्प राहिल्या, पण पुढे?

आमच्या उमरीपासून समुद्र फार लांब. मोठे पाणी म्हटले की आम्हाला गोदावरीच आठवते. तरीही समुद्रावरच्या बंडाचा एक जुना मूकपट कॉलेजात असताना पाहिला आणि त्याचा शेवट मनात घर करून बसला. तो होता आयझेनस्टाईनचा १९२५ सालचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’.

अळ्या पडलेल्या मांसावरून रशियन खलाशी बंड करतात. ओडेसाचे लोक होड्यांतून त्यांना अन्न पोहोचवतात. अखेरीस झारचे आरमार समोर येते. दोन्हीकडच्या तोफा रोखलेल्या. आता भडका उडणार म्हणून आपण श्वास रोखतो, पण समोरचे खलाशी गोळा डागतच नाहीत. जयजयकारात पोटेमकिन त्यांच्यामधून निघून जाते आणि चित्रपट संपतो.

हा प्रसंग खोटा नाही. १९०५ साली पोटेमकिनवर आरमाराने खरोखरच तोफ डागली नव्हती. पण पुढे कोळसा आणि अन्न सरत आले. जुलैत रुमानियाच्या कॉन्स्टान्झा बंदरात खलाशी शरण गेले. दिग्दर्शकाने गोष्ट त्याआधीच थांबवली.

अशीच गोष्ट आपल्या मुंबईत घडली. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांना विटून ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरील खलाशांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी जेवण नाकारले. उठाव ७८ जहाजांवर पसरला. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकत्र फडकले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. गेटवेवर मुंबईकर जेवणाची पुडकी घेऊन आले. जणू ओडेसाच!

इथे मात्र तोफा धडाडल्या. शहरातील गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली. सूड घेतला जाणार नाही, अशी हमी देऊन सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला. जीनांचेही तेच आवाहन होते. २३ तारखेला खलाशी शरण गेले. आपण ब्रिटिशांना नव्हे, भारताला शरण जात आहोत, असे त्यांनी जाहीर केले. तरीही अटका झाल्या, शेकडो जण बडतर्फ झाले. दीड वर्षात देशाचे दोन देश झाले, पण त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या.

खान आणि मदनसिंग ही नावे शेजारी शेजारी वाचली की वाटते, आपणही गोष्ट तीन झेंड्यांपाशीच थांबवावी. पण मग घरी परतलेल्या त्या बेकार खलाशांचे काय? चित्रपटाला शेवट निवडता येतो. माणसांना पुढचे जगावे लागते, आणि तेही कुणीतरी सांगायला हवे.