पिंपरीच्या मातीतलं औषध

सकाळी उठल्याबरोबर पेलाभर पाण्यात थुंका. थुंकीचे दोरे खाली लोंबले तर शरीरात यीस्ट माजलंय, असा संदेश मोबाइलवर फिरतो. कसाऱ्याच्या एका वाचक भगिनीने त्याबद्दल विचारलं आहे. ही चाचणी खोटी. थुंकीतल्या चिकट प्रथिनांचे दोरे कोणाच्याही पेल्यात उतरतात.

खरी ओळख कशी पटते? कँडिडा अल्बिकन्स या यीस्टच्या पेशी माणसाच्या रक्तद्रवात ३७ अंशांना ठेवल्या, की दोन-तीन तासांत गोल पेशीतून बारीक नळी बाहेर पडते, मुगाला मोड यावा तशी! सूक्ष्मदर्शकाखाली हे एकदा तरी पाहावं.

हे यीस्ट निरोगी माणसाच्याही तोंडात, आतड्यात नांदतं. सोबतचे जिवाणू त्याला आवरून धरतात. अँटिबायोटिकने ते मेले, रक्तातली साखर वाढली किंवा कातडी सतत ओली राहिली, की त्याचं फावतं. शहापूर-मुरबाडकडे आवणीच्या दिवसांत बायाबापड्यांच्या पायांना ज्या चिखल्या होतात, त्यांतही पुष्कळदा कँडिडा असतं. बेचकीतली कातडी पांढरी पडून सुटते, खाली लालभडक ओल दिसते, पाय टेकवत नाही.

यावरच्या औषधांचा इतिहास सांगताना एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांचं नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. व्हर्जिनियातल्या एका गोठ्याजवळच्या मातीतून त्यांनी काढलेलं निस्टॅटिन १९५० साली जाहीर झालं. पण आपल्या एम. जे. तिरुमलाचार यांची आठवण किती जणांना आहे? पिकांवरच्या काणी-तांबेऱ्याचा हा अभ्यासक पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये आला. तिथल्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून त्यांनी व सहकाऱ्यांनी हॅमायसिन मिळवलं. त्या जिवाणूच्या जातीचं नावच पिंप्रिना! साठच्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते गंभीर बुरशीरोगांवर वापरून पाहिलं. आपल्याकडे तोंडातल्या व योनीमार्गातल्या कँडिडावर ते चाललं. शाळेच्या पुस्तकात फ्लेमिंगशेजारी या माणसाला जागा हवी.

आता घरगुती उपाय. चिखल्यांना मेंदी लावतात, पण खरा गुण पाय कोरडे ठेवण्यात आहे. शेतातून आल्यावर पाय धुवा, बोटांच्या बेचक्या फडक्याने टिपा, रात्री उघडे ठेवा. आतले कपडे सुती आणि पूर्ण वाळलेले असावेत. पावसाळ्यात हे अवघड असतं, मग चुलीच्या उबेला वाळवा. दही जरूर खा, पण त्याने संसर्ग बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. नाजूक जागी लसूण मुळीच नको, कातडी भाजते. साखर बंद करून यीस्ट ‘उपाशी मारण्याचा’ आहारही सिद्ध झालेला नाही.

अंगावरून जाणारा दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज ही यीस्टची खूण. स्रावाला दुर्गंधी असेल, ताप असेल किंवा ओटीपोट दुखत असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. खाज थांबते, बुरशी पसरते. आणि त्रास पुन्हापुन्हा होत असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आधी रक्तातली साखर तपासून घ्या.