दप्तराच्या आधी मुक्काम



मदतनिधीचं आवाहन केलं की आपल्यापैकी बरेचजण विचारतात, "मुलांना दप्तरं, वह्या पाठवायच्या का?" प्रश्न आपुलकीचा आहे. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांना त्याआधी काय लागतं, ते इथे थोडक्यात सांगावंसं वाटतं.

दिवाळीच्या सुमारास इथे वेस्टमीडला आपल्या मुलांची चौथी टर्म चालू असते. त्याच दिवसांत तिकडे वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. शेती कोरडवाहू, पावसाचा भरवसा नाही. मुकादमाकडून आगाऊ 'उचल' घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जातात. या जोडीला म्हणतात 'कोयता'. माणसांची मोजदादसुद्धा हत्याराच्या नावानं!

सोबत लेकरंही जातात. आई-बाप फडात, आणि मोठी मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळत बसते. परत येईपर्यंत पाडवा उजाडतो. शाळेचं जवळजवळ अर्धं वर्ष गेलेलं असतं. पटावर नाव राहतं, पण मूल मागे पडतं. असे दोन-तीन हंगाम गेले की पाचवीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नाही. मग वर्गात बसायची लाज वाटते, शाळा सुटते, आणि काही वर्षांत नवा कोयता तयार होतो.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्याकडे जावं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ साली ते कोसबाडला नेलं. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती 'कुरणशाळा'. याच विचारानं पुढे कारखान्यांच्या तळांवर 'साखरशाळा' निघाल्या. त्यांचा उपयोग झाला. पण तळावर मूल असलं की ते कामालाही जुंपलं जातं, आणि गावची शाळा तुटते ती तुटतेच.

म्हणून दुसरा उपाय आला, हंगामी वसतिगृह. आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मूल गावातच राहतं. दोन वेळचं जेवण, रात्री सुरक्षित मुक्काम, मुलींसाठी विश्वासाची बाई आणि संध्याकाळी अभ्यास. आजी-आजोबा थकलेले असतात, त्यांच्यावर सगळा भार पडत नाही.

अभ्यासही मुलाला पेलेल असा हवा. 'प्रथम' ही संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली. तिची पद्धत साधी आहे: मुलाला अक्षर येतं, शब्द येतो की गोष्ट वाचता येते, ते आधी पाहायचं. मग इयत्ता बाजूला ठेवून त्यानुसार गट करायचे आणि तिथून पुढे शिकवायचं. ही पद्धत आफ्रिकेत झांबियाच्या सरकारी शाळांपर्यंत पोचली आहे. गरीब खेड्यातल्या मुलाची अडचण इथून तिथून सारखीच!

तेव्हा यंदाचा निधी जेवण, मुक्काम आणि संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी. वह्या-दप्तरं हवीतच, पण दप्तर घेणारं मूल आधी गावात राहायला हवं. हंगामाला अजून अवकाश आहे, तोवर आपण मदत पोचवू या. फूल ना फुलाची पाकळी, जमेल तेवढी द्या.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ