विंचवाचे बिऱ्हाड आणि बँकेचे खाते

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. संगणकाने आता कचेरीही पाठीवर आणून ठेवली आहे. पुण्यातील कंपनीचे काम लिस्बनमधील खोलीत बसून करता येते; प्रश्न उरतो तो तेथे राहण्याच्या परवानगीचा. पर्यटकाचा व्हिसा थोड्या दिवसांचा असतो आणि तो कामासाठी दिलेला नसतो. ही अडचण जाणून एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. ३० ऑक्टोबर २०२२ पासून पोर्तुगालनेही असे दार उघडले.

पोर्तुगालची मुख्य अट उत्पन्नाची आहे. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांचे सरासरी मासिक उत्पन्न तेथील किमान वेतनाच्या चौपट असावे लागते. २०२५ साली किमान वेतन ८७० युरो होते. म्हणजे दरमहा ३,४८० युरो. याखेरीज नोकरीचा अथवा सेवेचा करार, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, विमा आणि निवासाचा पुरावा सादर करावा लागतो. एक वर्षापर्यंतच्या वास्तव्यासाठी तात्पुरता व्हिसा मिळतो. अधिक काळ राहावयाचे असल्यास चार महिन्यांच्या व्हिसावर जाऊन तेथे निवास परवाना घ्यावा लागतो.

व्हिसा हाती पडला म्हणजे सारे मार्गी लागले, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. राहण्याची परवानगी, कर आणि बँकेचे खाते या तीन बाबी तीन निरनिराळ्या कायद्यांच्या अखत्यारीत येतात. बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य झाल्यास पोर्तुगाल आपणांस करदृष्ट्या निवासी मानतो. इकडे एका आर्थिक वर्षात १८२ दिवस वा अधिक काळ भारतात राहिल्यास आपण येथेही निवासी ठरता. उभय देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. परंतु त्यामुळे विवरणपत्र भरण्याची जबाबदारी टळत नाही.

खात्याचा हिशेब दिवसांवर नव्हे, तर हेतूवर चालतो. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळाचे वास्तव्य या हेतूने देश सोडणारी व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी ठरते. तिचे साधे बचत खाते एन.आर.ओ. खात्यात रूपांतरित करावे लागते. घरी वृद्ध आईवडील असतील आणि त्यांचा औषधपाणी, घरखर्च याच खात्यातून चालत असेल, तर हा बदल वेळीच झालेला बरा. स्थानिक खर्चासाठी त्यांना मुखत्यारपत्र देऊन ठेवता येते.

म्हणून प्रस्थानापूर्वी तीन भेटी अवश्य घ्याव्यात: परदेशातून काम करण्याच्या लेखी संमतीसाठी मालकाची, कराच्या सल्ल्यासाठी सनदी लेखापालाची आणि खात्यासाठी आपल्या शाखेची. बिऱ्हाड पाठीवर घेतले, तरी मागे राहिलेल्या घराची व्यवस्था चोख असावी.