बचत गटाची वही क्लाउडवर ठेवताना

बचत गटाची वही बहुधा एकीच्याच घरी असते. ती माहेरी गेली की हिशेब अडतो. वही पावसात भिजली तर कुणाची बचत किती, यावरून वाद होतो. म्हणून काही गट आता हिशेबाचं छोटं वेब ॲप करून घेतात. कॉम्प्युटर शिकलेली एखादी मुलगी ते बनवू शकते. पण बनवणारीला काय विचारायचं, हे आपल्याला कळायला हवं, कारण पैसे आपले आहेत. आज आपण तेच समजून घेऊ.

अशा ॲपचे तीन भाग असतात. रेशनचं दुकान डोळ्यांसमोर आणा. आपण बाहेर उभ्या असतो, दुकानदार कार्ड बघतो आणि आतल्या पोत्यांतून धान्य मोजून देतो. आपण थेट आत शिरत नाही. तसंच मोबाईलवर दिसणारं पान म्हणजे आपली बाहेरची जागा, सर्व्हर म्हणजे दुकानदार आणि डेटाबेस म्हणजे आतलं कोठार. सर्व्हरचं काम सोपं व्हावं म्हणून तयार साचे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. नोड-जेएसवर चालणारं एक्स्प्रेस हे त्यातलं एक. कोठारासाठी मोंगोडीबी घेऊ. २००९ साली आलेला हा डेटाबेस २०१६ पासून ॲटलस या नावाने क्लाउडवरही मिळतो, म्हणजे त्यासाठी स्वतःचा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवावा लागत नाही. माहिती कोणत्या शहरात ठेवायची ते निवडता येतं; त्यात मुंबईही आहे.

मोंगोडीबीत प्रत्येक नोंद म्हणजे एक डॉक्युमेंट. छापील रजिस्टरात सगळ्यांना सारखेच रकाने असतात. इथे तसं नाही. जिने शेळीसाठी कर्ज घेतलं तिच्या नोंदीत कर्जाचा तपशील येतो, जिने घेतलं नाही तिच्या नोंदीत तो रकानाच नसतो. ही मोकळीक सोयीची, पण एका ठिकाणी ‘हप्ता’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मासिक बचत’ लिहिलं गेलं, तर बेरीज कमी भरते. म्हणून मोंगूस नावाची जोडणी वापरून नोंदीचा नमुना आधीच ठरवून घ्यावा. रक्कम पूर्ण पैशांत लिहावी, म्हणजे १०० रुपये ५० पैसे हे १००५० असे. कॉम्प्युटर दशांश चिन्हानंतरचे आकडे नेहमी अचूक ठेवत नाही.

आता मुख्य गोष्ट, किल्लीची. सर्व्हरला कोठार उघडायला एक पत्ता आणि पासवर्ड लागतो. तो प्रोग्रामच्या मजकुरात कधीही लिहू नये. तो मजकूर इंटरनेटवर उघडा ठेवला गेला, तर किल्लीही सगळ्यांच्या हाती लागते. मोबाईलवरच्या पानात तर ती मुळीच नको. किल्ली सर्व्हरच्या वेगळ्या सेटिंगमध्ये ठेवतात, त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. शिवाय कोणत्या कॉम्प्युटरवरून दार उघडावं, याची यादी ॲटलसमध्ये देता येते. घाईत ‘कुठूनही’ हा पर्याय निवडला जातो. तो टाळून फक्त आपल्या सर्व्हरचा पत्ता द्यावा.

सर्व्हर सुरू होताना डेटाबेसशी जोडणी एकदाच करावी आणि तीच वापरत राहावी. प्रत्येक पोळीला आपण नवी चूल पेटवत नाही. दर नोंदीला नवी जोडणी केली, तर बैठकीच्या दिवशी सगळ्या जणी एकदम ॲप उघडतात तेव्हा ते अडतं.

कर्जाचे ५०० रुपये परत आले, की दोन नोंदी बदलतात. सभासदाचं कर्ज कमी होतं, गटाचा निधी वाढतो. मध्येच बिघाड होऊन एकच बदलली, तर हिशेब जुळत नाही. म्हणून दोन्ही बदल एकाच ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये बांधावेत, म्हणजे दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. मोंगोडीबीत अनेक नोंदींसाठी ही सोय २०१८ पासून आहे.

ॲटलसच्या मोफत योजनेत ५१२ एमबी जागा मिळते. एका गटाच्या हिशेबाला ती भरपूर आहे. पण त्या योजनेत आपोआप बॅकअप होत नाही. तेव्हा दर महिन्याला नोंदींची प्रत काढून वेगळी ठेवावी, आणि बैठकीत एक छापील प्रत सगळ्यांना वाचून दाखवावी. जिला मोबाईल वाचता येत नाही, तिलाही आपली शिल्लक कळली पाहिजे.

म्हणून मैत्रिणींनो, ॲप बनवणारीला चार प्रश्न विचारा. किल्ली कुठे ठेवली आहे? दार कुणाकुणाला उघडतं? दोन नोंदी एकदम बदलतात का? बॅकअप कधी घेतला? उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा. हिशेब गटाचा आहे, तेव्हा विचारण्याचा हक्क प्रत्येकीचा आहे.