श्वासनलिका-छेदन झालेल्या रुग्णांचे वाणी-पुनर्वसन : वाक्-झडपेची उपयुक्तता

प्रस्तावना :
फुप्फुसांतून बाहेर पडणारी हवा स्वरतंतूंना कंपित करते व त्यातून आवाज निर्माण होतो. डोक्याची गंभीर दुखापत, प्रदीर्घ कृत्रिम श्वसन किंवा घशातील अडथळा अशा प्रसंगी गळ्याच्या पुढील भागी छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसविली जाते. या शस्त्रक्रियेस ‘ट्रॅकिओस्टोमी’ म्हणतात. तिच्यामुळे प्राण वाचतो. परंतु हवा स्वरतंतूंच्या खालूनच बाहेर पडत असल्याने आवाज उमटत नाही. रुग्णाचे केवळ ओठ हलतात, आणि ‘पाय’ व ‘माय’ हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात. निरक्षर रुग्णास तर पाटी-पेन्सिलीचाही आधार नसतो. अशा रुग्णांना वाणी परत मिळवून देणाऱ्या वाक्-झडपेचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व कार्य :
वाक्-झडप अर्थात ‘स्पीकिंग व्हॉल्व्ह’ ही नळीच्या बाह्य तोंडावर बसणारी लहानशी एकमार्गी झडप होय. श्वास घेताना ती उघडते आणि उच्छ्वासाच्या वेळी मिटते. त्यामुळे हवा नळीच्या बाजूने वर जाऊन स्वरतंतूंमधून बाहेर पडते. स्नायुक्षयाने ग्रस्त असलेल्या डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने १९८० च्या दशकाच्या मध्यास स्वतःच्या गरजेतून अशी झडप विकसित केली. ती ‘पासी-म्यूर’ या नावाने ओळखली जाते. झडपेमुळे खोकण्याची शक्ती, गिळण्याची क्रिया व गंधज्ञान यांतही सुधारणा होऊ शकते.

आवश्यक दक्षता :
अनेक नळ्यांभोवती हवेचा फुगा असतो. रुग्णालयात त्यास ‘कफ’ म्हणतात. घशातील कफाशी त्याचा संबंध नाही. या फुग्यातील हवा पूर्णपणे काढल्याखेरीज झडप कधीही बसवू नये. अन्यथा श्वास आत जातो, परंतु बाहेर पडण्यास वाट उरत नाही व ते जिवावर बेतते. वरील श्वासमार्ग मोकळा असणे, रुग्ण शुद्धीवर असणे आणि स्राव दाट नसणे याही पूर्वअटी होत. झोपताना झडप काढून ठेवावी. कर्करोगामुळे संपूर्ण स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांना ही झडप चालत नाही. त्यांच्यासाठी कृत्रिम स्वरनलिकेसारखी निराळी साधने आहेत.

स्थानिक संदर्भ :
कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जिल्ह्याच्या ग्रामीण भागांतूनही रुग्ण येतात. चंदगड वा गगनबावड्यासारख्या दूरच्या तालुक्यांतील रुग्ण नळीसह घरी परतला, तर त्याची देखभाल कुटुंबीयांवरच येते. म्हणून घरी सोडण्यापूर्वी नळीची स्वच्छता, फुगा तपासणे आणि धाप लागताच झडप काढणे या तीन गोष्टी घरातील किमान दोघांकडून प्रत्यक्ष करून घ्याव्यात.

निष्कर्ष :
झडप हे साधन लहान आहे. तिची सुरक्षितता मात्र ती हाताळणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर अवलंबून आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ, परिचारिका व कुटुंबीय यांच्या समन्वयातूनच रुग्णास आपली वेदना आपल्या शब्दांत सांगता येईल.