जप्ती झाली, मग पैसे कुठे अडकले?

ठेवी बुडाल्याच्या प्रकरणांत ‘मालमत्ता जप्त’ अशी बातमी आली की ठेवीदारांना हायसं वाटतं. मग वर्षं जातात आणि हातात काहीच येत नाही. असं का होतं, हे समजायला पुण्यातलंच डी. एस. कुलकर्णी प्रकरण बघू.

२०१८ मध्ये त्यांना अटक झाली. मालमत्तांवर राज्याच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे ‘एमपीआयडी’खाली, टाच आली. पुढे ईडीनेही मनी लाँडरिंग कायद्याखाली टाच आणली. शिवाय समूहातली एक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि बँकांची कर्जं होतीच. म्हणजे मालमत्ता एका समूहाची आणि दावेदार चार!

आता मुद्दा असा, की टाच म्हणजे सरकारजमा नव्हे. टाच आली की मालमत्ता विकता येत नाही, एवढंच. एमपीआयडीत ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे सोपवली जाते. हे काम बहुधा प्रांताधिकाऱ्याकडे असतं. मग विशेष न्यायालय हरकती ऐकतं, टाच कायम करतं किंवा उठवतं. त्यानंतरच लिलाव आणि प्रमाणशीर वाटप. ठेवींच्या पैशातून घेतलेली मालमत्ता सापडली नाही किंवा पुरली नाही, तर प्रवर्तक-संचालकांच्या इतर मालमत्तेवरही हात घालता येतो. यातून मिळणारा पैसा ठेवीदारांसाठीच असतो.

ईडीच्या कायद्याचा रोख वेगळा आहे. तिथे पहिला प्रश्न ‘ही गुन्ह्यातून आलेली संपत्ती आहे का?’ हा. तात्पुरती टाच १८० दिवसांची. तेवढ्यात ती कायम व्हावी लागते. गुन्हा सिद्ध झाला तर मालमत्ता केंद्र सरकारकडे जाते. पीडितांना ती परत देण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो.

मग रांगेत पहिलं कोण? मे २०२५ मध्ये एनएसईएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एमपीआयडीखाली टाच आलेल्या मालमत्तेवर तारणदार बँकांना अग्रहक्क सांगता येणार नाही. छोट्या ठेवीदारासाठी ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘जप्त’ हा शब्द वाचलात की तीन गोष्टी विचारा: कोणत्या कायद्याखाली? न्यायालयाने टाच कायम केली का? आणि ठेवीदारांच्या यादीत माझं नाव आहे ना?